दाव्यासाठी डॉक्टर शोधताना

दसऱ्यानंतर मजुरीवर सोयाबीनची बनीम (कापून रचलेला ढीग) काढताना ह्यांचा उजवा हात हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात गेला. औसा तालुक्यातली गोष्ट. अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. जखम दीड महिन्यात भरली, पण कामावरच्या अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी मालकावर केलेल्या दाव्याला चालेल असा डॉक्टर मिळायला आठ महिने गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

पहिला दवाखाना आपण निवडत नाही, जवळचा गाठतो. तिथं केसपेपरवर काय लिहितात ते बघा. हडंबेवाल्याचा माणूस माझ्या कानाशी म्हणाला, "वहिनी, घरी विळा लागला म्हणा, पोलिसाची कटकट नको." मी ऐकलं नाही. "मजुरीवर असताना मळणीयंत्रात हात गेला" असं तारीख-वेळेसकट लिहून घेतलं, एमएलसी (दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद) नोंदवायला लावली. पुढं सगळा दावा त्याच ओळीवर उभा राहिला. बिलं, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, सगळं एका पिशवीत ठेवा. उपचाराचा खर्चही मालकाकडून मागता येतो.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी लिहून दिलं: दोन बोटं कापली, जखम भरली. ते खरं होतं, पण अपुरं होतं. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या तक्त्यात एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईच्या क्षमतेची हानी 20 टक्के धरलीय. ह्यांचा अंगठाही आखडला होता, मूठ वळत नव्हती. ते तक्त्यात नाही. तक्त्यात नसलेल्या दुखापतीने कमाई किती घटली, हे डॉक्टरनेच तपासून ठरवायचं असतं. सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र जरूर काढा, सवलतींना लागतं. पण त्यावरची टक्केवारी शरीराची असते, कमाईची नाही. 1975 साली सर्वोच्च न्यायालयात एका सुताराचा निकाल लागला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून त्याची हानी पूर्ण 100 टक्के धरली गेली.

म्हणून हाडांच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत विचारा: कमाईची क्षमता किती घटली हे लिहून द्याल का, आणि तारखेला साक्षीला याल का? एकांनी सर्टिफिकेट लगेच दिलं, साक्षीला मात्र नाही म्हणाले. समोरचा वकील उलटतपासणी मागतो, तेव्हा असा नुसता कागद कमजोर पडतो. हात न बघताच "एवढे टक्के लिहून देतो" म्हणणाऱ्याकडून तर उठूनच या, भले तो आपल्या वकिलानेच सुचवलेला असो. मला योग्य डॉक्टरचा पत्ता कोर्टाच्या व्हरांड्यात मिळाला, हाताला पट्टी असलेल्या एका बाईकडून. असा दावा लढलेल्या माणसांना विचारा, त्यांना डॉक्टर कसा वागला ते माहीत असतं.

लातूरच्या त्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "काम काय करता?" मग ड्रॉवरमधून सुतळी काढली. "मामा, ही पोत्याचं तोंड बांधतात तशी बांधा बघू." ह्यांनी सुतळी तळहातावर घेतली, अंगठ्याखाली दाबायला गेले, ती घसरली. तीनदा घसरली. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त लिहीत राहिले. गाठ बसत नाही, विळ्याची मूठ धरवत नाही, घमेलं एका हातानं उचलत नाही, असं सगळं अहवालात आलं.

अशा तपासणीला जखम पूर्ण भरल्यावर, व्यायाम करून हात जितका सुधारायचा तितका सुधारल्यावरच जा. पण दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे, हे विसरू नका. मालकाने स्वतःच्या डॉक्टरकडून फुकट तपासणी करून देतो म्हटलं तर टाळू नका. टाळलं तर दावा थांबू शकतो. घरचं माणूस बरोबर न्या, आपला डॉक्टर वेगळा ठेवा.

कारखान्यात पगारातून ई.एस.आय. (कामगार राज्य विमा) कापत असतील तर रस्ता वेगळा आहे. तिथं टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवतं. तिथंही तुमचं रोजचं काम एका कागदावर लिहून न्या, आणि बोर्डाचा निर्णय पटला नाही तर मुदतीत अपील करा.