‘मी पडलो’ म्हणणारी पोरगी

एमए झालं, फ्रेंचच्या परीक्षा झाल्या, आता बालभाषेत, म्हणजे मुलं भाषा कशी शिकतात यावर, पीएचडी करायची म्हणताय? करा. फक्त तुमच्या एक्सेलमध्ये ‘चूक’ नावाचा कॉलम असेल तर तो आजच उडवा. माझे आठ महिने त्या कॉलमनं खाल्ले.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका घरी अडीच वर्षांच्या मुलीचं बोलणं मी दर पंधरवड्याला रेकॉर्ड करायची. पायरीवरून घसरली की ती म्हणायची, ‘मी पडलो.’ माझी नोंद तयार: लिंग चुकलं, हवं ‘पडले’. अशा साठ-सत्तर नोंदींवर मी सिद्धांतही रचला, की स्त्रीलिंगी रूप मुलींना उशिरा येतं. सरांनी हेडफोन लावला, एक रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, ‘मागं कोण ओरडतंय बघ.’ मागं तिची आई होती. दूध उतू चाललं होतं. ‘आलो, आलो, थांब!’

कोल्हापुरात बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? मीच घरी तसं बोलते. पुण्यात मैत्रिणी हसल्या म्हणून ‘आले, गेले’ करायला लागले, आणि कागद समोर आला की तेच खरं वाटायला लागलं. त्या घरात जे रूप कुणी बोलतच नव्हतं, त्याच्यावर मी पोरीला तोलत होते. ‘ताई पडली’, ‘बाहुली पडली’ ती बिनचूक म्हणायची, तेही मी पाहिलं नाही. लिंग तिला कळत होतं. ‘मी’पुढचं रूप तिनं आईकडून जसंच्या तसं उचललं होतं.

फ्रेंचमध्ये हेच मला पाठ होतं, म्हणून जास्त लाज वाटली. पुस्तकी नकार ‘न... पा’ असा दुहेरी, पण रोजच्या बोलण्यात ‘न’ सर्रास गळतो. मूल नुसतं ‘पा’ म्हणालं तर त्याला कुणी चूक म्हणत नाही. बघायचं ते ‘पा’ची जागा. दोन वर्षांच्या आसपास फ्रेंच मुलं कधी धातूचं मूळ रूप वापरतात, ‘पा मांजे’ (नाही खाणं). कधी कर्त्याप्रमाणे चालवलेलं, ‘मार्श पा’ (चालत नाही). मूळ रूपाच्या आधी ‘पा’, चालवलेल्या रूपानंतर ‘पा’, यात गोंधळ फारसा होत नाही. चालवलेलं क्रियापद ‘पा’ ओलांडून पुढं जातं, हे मोठ्यांच्या फ्रेंचबद्दल भाषाशास्त्रज्ञ जाँ-इव्ह पोलॉकनं 1989 मध्ये मांडलं. मुलांना ते आधीच जमतं.

‘आधी सगळा चॉम्स्की वाच, मग मुलांकडे जा’ म्हणणारे, म्हणजे भाषाशास्त्रातला सिद्धांत आधी मानणारे, भेटतील. त्यातल्या बऱ्याच जणांनी तासभर रेकॉर्डिंग कधी ऐकून शब्दशः लिहून काढलेलं नसतं. मला एका तासाला दहा-बारा तास लागायचे. सॉफ्टवेअरवर सोपवाल तर ‘पडलो’ गुपचूप ‘पडले’ होऊन येईल आणि पत्ताही लागणार नाही. 1984 पासूनचा चाइल्ड्स (CHILDES) हा मुलांच्या बोलण्याचा संग्रह फुकट आहे, फ्रेंच मुलांचं बोलणं त्यात भरपूर आहे. महिनाभर तेच ऐका. आई-आजीचं वाक्य स्वतंत्र ओळीत कसं लिहितात ते तिथंच शिकाल. माझ्या वहीत त्या ओळी नव्हत्या.

फ्रेंच उच्चार कोल्हापुरी आहे म्हणून मात्र घाबरू नका. माझा अजून आहे, कुणी अडवलं नाही.

ती पोरगी आता शाळेत जाते. परवा बाईंना म्हणाली, ‘मी उद्या लवकर आले होते.’ ‘उद्या’ की ‘काल’ ते बाईंनी सुधारलं. फाटकाबाहेर येताच आईला हाक, ‘मी आलो गं!’ रेकॉर्डर नेमका घरी राहिला होता.