प्रवासी अंतराळयान: आराखडा कसा करावा आणि ते नफ्यात कसे चालवावे

‘ट्रॅव्हलर’ हा विज्ञानकथेच्या धाटणीचा भूमिकाखेळ (ज्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन खेळतो) गेम डिझायनर्स वर्कशॉप या अमेरिकी कंपनीने १९७७ साली बाजारात आणला. त्यातील पात्रे शत्रूच्या लेझरपेक्षा बँकेच्या हप्त्याला अधिक घाबरतात, आणि माझ्या मते हीच त्या खेळाची खरी गंमत आहे. सांगलीत विश्रामबागेत रविवारी आमचा जो डाव बसतो, त्यात नवा खेळाडू यान घ्यायचे म्हटले की एका उडीत तीन पार्सेक (ताऱ्यांमधील अंतर मोजण्याचे एकक) जाणारे, भरपूर केबिनांचे, झगमगीत प्रवासी यान मागतो आणि चार-सहा फेऱ्यांत दिवाळखोर होतो. तसे होऊ नये म्हणून यानाचा आराखडा कागदावर उतरवण्याआधी कोणता हिशेब मांडावा, हे येथे सांगितले आहे. सर्व आकडे १९८१ च्या सुधारित नियमांनुसार आहेत. आपला रेफरी, म्हणजे डाव चालवणारा, दुसरी आवृत्ती वापरत असेल तर आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत बदलणार नाही.

सुरुवात भाड्यापासून करावी. हाय पॅसेजचे, म्हणजे वरच्या वर्गाच्या प्रवासाचे, भाडे १०,००० क्रेडिट (खेळातील चलन), मधल्या वर्गाचे म्हणजे मिडलचे ८,०००, शीतनिद्रेत पडून जाणाऱ्या लो पॅसेजचे १,००० आणि मालाचे दर टनाला १,००० क्रेडिट असते. (येथे टन म्हणजे वजन नसून एक टन द्रवरूप हायड्रोजन व्यापतो तेवढी, म्हणजे सुमारे १४ घनमीटर जागा होय.) हे भाडे अंतरावर ठरत नाही, तर जंपवर, म्हणजे एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या एकेका उडीवर, ठरते. एका जंपमध्ये एक पार्सेक जाणारे यान जे भाडे घेते, तेच तीन पार्सेक जाणारेही घेते. इंधन मात्र जंपच्या प्रत्येक क्रमांकामागे (म्हणजे एका उडीतल्या दर पार्सेकमागे) यानाच्या आकारमानाच्या दहा टक्के लागते. म्हणजे जंप-३ यानाची तीस टक्के जागा केवळ उडीच्या इंधनाच्या टाकीत जाते, इंजिने कित्येक पटींनी महागतात आणि तिकीट तेवढेच राहते.

याचा पुरावा नियमपुस्तकातच आहे. तेथे दिलेले ६०० टनी अनुदानित प्रवासी यान जंप-३ क्षमतेचे असून त्याची किंमत सुमारे २३ कोटी ७० लाख क्रेडिट आहे. त्यात २१ हाय प्रवासी, २० लो बर्थ आणि १२९ टन माल मावतो. सगळे भरले तरी एका फेरीची कमाई ३ लाख ५९ हजार होते, आणि त्याच फेरीच्या वाट्याला येणारा हप्ता पावणेपाच लाखांच्या घरात जातो. म्हणूनच त्याला सरकारी अनुदान लागते. सरकार हप्ते भरते आणि बदल्यात एकूण कमाईचा निम्मा हिस्सा घेते. उरलेल्या १ लाख ७९ हजार ५०० मध्ये शुद्ध इंधन, पगार, जीवरक्षण व्यवस्था आणि देखभाल बसवायला जावे तर तो खर्चच १ लाख ८५ हजारांच्या आसपास निघतो. भरलेले यान, सरकारचा आधार, आणि तरीही तोटा! ज्यांना जंप-३ चा मोह आवरत नाही, त्यांनी हा परिच्छेद आपल्या पात्राच्या कागदामागे लिहून ठेवावा.

यावरून छोट्या यानासाठी पहिला निर्णय आपोआप होतो: जंप-१ घ्यावी. २०० टनांचा प्रमाणित सांगाडा ८० लाखांना मिळतो. त्यात इंजिनांसाठी राखलेली जागा १५ टन असते आणि ‘ए’ या सर्वांत लहान आकाराची तिन्ही इंजिने (उडीचे, साध्या प्रवासाचे आणि ऊर्जा पुरवणारे) त्यात नेमकी बसतात. त्यांची किंमत २ कोटी २० लाख. उरलेल्या १८५ टनांतून नियंत्रण कक्षाचे २०, संगणकाचा १ आणि इंधनाचे ३० टन वजा केले की १३४ टन हातात राहतात. प्रवासी यानाची खरी रचना या १३४ टनांतच करायची असते.

येथे एक सूत्र उपयोगी पडते. बँक २० टक्के रक्कम आधी घेते आणि पुढे ४८० महिने दरमहा किमतीचा २४०वा भाग घेते. वर्षाला २५ फेऱ्या धरल्या (पन्नास आठवडे प्रवास आणि दोन आठवडे वार्षिक देखभाल), तर एका फेरीवर पडणारा हप्ता म्हणजे किमतीचा ५००वा भाग होय. त्यामुळे कोणतीही वस्तू यानात बसवण्याआधी तिची किंमत ५०० ने भागावी. ती वस्तू दर फेरीला तेवढे मागणार आहे, वापरली तरी आणि न वापरली तरी.

आता केबिनीचा विचार करू. केबिन चार टन जागा घेते आणि पाच लाखांना पडते, म्हणजे दर फेरीला तिचा हप्ता १,००० क्रेडिट. त्याच चार टनांत माल भरला असता तर ४,००० मिळाले असते. केबिनीत कोणी राहिले तर जीवरक्षणाचे २,००० जातात, रिकामी राहिली तर जात नाहीत. तेव्हा हाय प्रवासी खर्च वजा जाता ८,००० देतो, मिडल प्रवासी ६,००० देतो, आणि केबिनीला ५,००० परत मिळवायचे असतात. माल नेहमी पूर्ण मिळतो असे धरले, तर हाय प्रवाशाची केबिन आठांपैकी पाच फेऱ्यांत भरली तरी भागते; मिडलची केबिन मात्र सहांपैकी पाच फेऱ्यांत भरावी लागते. शिवाय दर आठ हाय प्रवाशांमागे त्यांची सरबराई करणारा एक स्टुअर्ड लागतो आणि त्यालाही केबिन द्यावी लागते, त्यामुळे नववा हाय प्रवासी घेण्याचा विचार तो एकटा येणार असेल तर करूच नये. केबिनांची संख्या सांगाड्यात किती मावतात यावरून न ठरवता, आपल्या मार्गावर प्रवासी किती येतात यावरून ठरवावी, असे मी आग्रहाने सांगतो.

लो बर्थचे गणित वेगळे आणि काहीसे निर्दय आहे. बर्थ अर्धा टन घेतो, ५० हजारांना मिळतो, आणि हप्ता व देखरेख वजा करून दर फेरीला ८०० क्रेडिट देतो; दर टनाला १,६०० म्हणजे, हाय प्रवाशांमागचा स्टुअर्डचा खर्च धरला तर, सर्वांत किफायतशीर. पण शीतनिद्रेतून जागे होताना दोन फाशांवर ५ किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे सहांत एक जण उठत नाही. वीस बर्थ भरले तर सरासरी तीन प्रेते उतरवावी लागतात. वैद्यकाचे कौशल्य २ किंवा अधिक असेल तर हा धोका निम्म्यावर, बारांत एकावर येतो. वैद्यकाला थोडा जास्त पगार द्यावा लागला तरी द्यावा. किती जण जगतील तो आकडा ओळखण्याची जी सोडत लो प्रवाशांत चालते, तिचा विजेता स्वतःच मेला तर ती रक्कम कप्तानाला मिळते. आमच्या गटात ही रक्कम जमेस धरायची नाही असा अलिखित नियम आहे.

हे सर्व विचारात घेऊन आम्ही ‘कृष्णाई’ नावाचे यान बांधले. चार कर्मचारी (वैमानिक, अभियंता, वैद्यक, स्टुअर्ड), आठ हाय आणि चार मिडल प्रवासी मिळून १६ केबिना, २० लो बर्थ आणि ६० टन माल अशी त्याची वाटणी आहे. शस्त्रे नाहीत. वातावरण असलेल्या ग्रहावर उतरता यावे म्हणून सांगाड्याला निमुळता आकार दिला, त्याचे २० लाख गेले. एकूण किंमत ४ कोटी ४० लाख झाली. नवा आराखडा असल्याने प्रमाणित यानाची दहा टक्के सूट मिळाली नाही आणि आराखडाकाराला एक टक्का वेगळा द्यावा लागला.

एका फेरीचा बांधील खर्च असा येतो: हप्ता ८८,०००, पगार ७,२००, कर्मचाऱ्यांचे जीवरक्षण ८,०००, एका फेरीत खपणाऱ्या २५ टन शुद्ध इंधनाचे १२,५००, देखभालीचे १,७६०, बंदरभाडे १००. मिळून १,१७,५६०. सर्व जागा भरल्या तर प्रवाशांच्या जीवरक्षणाचे २६,००० वाढतात, कमाई १,९२,००० होते आणि हाती ४८,४४० राहतात. मात्र माल पूर्ण मिळूनही केबिना आणि बर्थ निम्मेच भरले, तर ४,५६० चा तोटा होतो. नफा आणि तोटा यांच्यातील अंतर किती कमी आहे हे यावरून कळावे.

यासाठी मार्ग काळजीपूर्वक निवडावा. आमच्या नकाशात एकेका पार्सेकवर असलेल्या ग्रहांची जी साखळी आहे, तिला आम्ही कृष्णाकाठची नावे दिली आहेत: वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली. त्यांपैकी वाई, कऱ्हाड आणि सांगली यांची लोकसंख्या मोठी आहे, माहुलीची मध्यम आहे, आणि औदुंबरावर काही हजार माणसे राहतात. प्रवाशांची संख्या निघतो त्या ग्रहाच्या लोकसंख्येवर ठरते आणि जातो त्या ग्रहाच्या लोकसंख्येचाही तीवर परिणाम होतो, म्हणून औदुंबराला जाताना आणि तेथून निघताना अशा दोन्ही फेऱ्या कोरड्या जातात. त्यामुळे ‘कृष्णाई’ने वाई ते कऱ्हाड एवढ्याच टप्प्यात ये-जा करावी, आणि सांगलीला महिन्या-दोन महिन्यांनी, आगाऊ ठरलेला चांगला माल असेल तेव्हाच जावे, असे आमचे धोरण आहे. शुद्ध इंधन फक्त ‘ए’ आणि ‘बी’ दर्जाच्या बंदरांत मिळते हेही मार्ग आखताना पाहावे. वायुग्रहावरून फुकट इंधन खरवडून घेता येते, पण अशुद्ध इंधनाने उडी चुकण्याचा धोका वाढतो, आणि बारा तिकीटधारकांसह भलत्याच तारकेपाशी निघणे साडेबारा हजार वाचवण्यासाठी परवडत नाही.

बंदरात आधी गंतव्य जाहीर करावे, माल घ्यावा, आणि मग प्रवाशांचे फासे टाकावेत; नियमांचा क्रमही तोच आहे. मिडलची तिकिटे सढळपणे विकावीत, कारण ऐनवेळी हाय प्रवासी आला तर मिडलवाल्याचे पैसे परत करून त्याला उतरवता येते. मात्र केबिना भरण्यासाठी थांबू नये. साताऱ्या-सांगलीकडचा वडापवाला जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही, कारण थांबण्याचे त्याला फारसे काही पडत नाही. ‘कृष्णाई’ला मात्र एक आठवडा थांबण्याची किंमत पन्नास हजारांवर पडते, म्हणजे पाच हाय प्रवाशांच्या भाड्याहून अधिक. रिकाम्या दोन केबिना घेऊन वेळेवर निघणे नेहमीच स्वस्त ठरते. मालाच्या साठ टनांपैकी काही भाग स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मालासाठी ठेवता येतो, आणि खरी मोठी कमाई तेथेच होते. हळदीच्या पेठेच्या गावात वाढलेल्या खेळाडूंना हे वेगळे शिकवावे लागत नाही. पण ती जोखीम निदान दोन फेऱ्यांचा बांधील खर्च शिल्लक पडल्यावरच घ्यावी.

रेफरीसाठी एक सूचना आहे. बारा प्रवाशांपैकी प्रत्येकाचा इतिहास रचत बसू नये. हाय पॅसेजच्या दोघांना नाव, गडबडीचे कारण आणि हजार किलो सामानात दडलेली एखादी वस्तू द्यावी, बाकीचे हिशेबाच्या वहीत राहू द्यावेत. आणि अंतरानुसार भाडे आकारायचे असेल, जसे नंतरच्या काही आवृत्त्यांत केले आहे, तर ते यान विकत घेण्याआधी खेळाडूंना सांगावे, कारण त्या एका बदलाने जंप-२ यान चालवण्याजोगे होते आणि ‘कृष्णाई’चा आराखडा मुळापासून पुन्हा करावा लागतो.

वार्षिक देखभालीचे दोन आठवडे ‘ए’ किंवा ‘बी’ बंदरातच काढावे लागतात. त्या काळात कमाई शून्य असते. वर्षाचे हप्ते २५ फेऱ्यांवर आधीच वाटलेले असल्याने, जमवलेली रक्कम खर्चून टाकली नसेल तर बँकेची चिंता नसते; पण ४४,००० चे देखभालशुल्क आणि कर्मचाऱ्यांचा अर्ध्या महिन्याचा ७,५०० पगार रोखीने लागतो. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्या अशा आखाव्यात की यानाचा प्रवास वाई किंवा कऱ्हाडलाच संपेल, आणि तेथे उतरण्याआधी पुढच्या फेरीचे गंतव्य कोणालाही जाहीर केलेले नसेल.