बोटीची सीट डुगडुगते? बोल्ट बदलण्याआधी या चुका टाळा

मे संपत आला की मालवण-देवबागकडच्या फायबर बोटी वर ओढल्या जातात आणि माझ्या कानावर तेच ते वाक्य पडू लागतं: "स्टिअरिंगमागची सीट जरा हलते, दोन बोल्ट बदलून द्या." दहा-पंधरा वर्षं जुन्या बोटीत दोन बोल्टांवर भागलंय असं फार क्वचित होतं.

मुळात हलतंय काय, ते तरी बघा. एकाला सीटवर बसवून मागेपुढे झुलायला सांगा. तुम्ही खाली बसा आणि सांध्यावर बोट ठेवा (हाताचं). आधी सीट आणि फिरकीच्या (जिच्यावर सीट फिरते) मधे, मग सीटचा पाइप आणि त्यावरच्या बुशच्या (नायलॉनच्या कड्याच्या) मधे, शेवटी फ्लँज (पाइपच्या पायाची बोल्टांची चकती) आणि फ्लोअरच्या मधे. नायलॉनचा बुश झिजला असेल तर खालचे बोल्ट आवळून आवळून हात दुखेल, सीट हलायची ती हलतच राहील. एकाने तर सहाही बोल्ट नवे टाकून घेतले आणि मग माझ्याकडे आला. गेला होता फक्त बुश.

आता ज्या चुकीने माझं डोकं फिरतं, ती. स्क्रूचे आटे धरत नाहीत? मग एक नंबर मोठा स्क्रू मारा! तोही ढिला झाला की भोकात आगकाडी कोंबा, वर पुट्टी थापा.

एका डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीला हेच झालं होतं. मालक स्वतःच चालवायचा. फ्लोअर ठोकून बघू या म्हटलं, तर म्हणाला, "आता चलतला, सिझन संपल्यार बघूया." डिसेंबरची गर्दी होती, मीही गप्प बसलो. दोन मोठे स्क्रू मारून दिले. पंधरा दिवसांनी देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे बाहेर पडताना समोरून लाट आली, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उचलली आणि सीट फ्लँजसकट उपटून मागे पडली. मालकाने स्टिअरिंग सोडलं नाही, त्यामुळे तो पडता पडता बोटही वळली आणि लाटेला आडवी झाली. पोऱ्याने झेप घेऊन थ्रॉटल मागे ओढला म्हणून निभावलं. चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला असायला हवी होती, ती डॅशबोर्डवर लटकत होती. मालकाच्या बरगड्या महिनाभर दुखल्या, प्रवाशांना काही झालं नाही.

बोट वर घेतल्यावर बघितलं. सहा स्क्रू, तीन वेगवेगळ्या मापांचे, त्यांतले दोन माझे. फायबरच्या दोन थरांमधलं प्लायवूड चहाच्या चोथ्यासारखं झालेलं, मुठीत दाबलं तर पाणी गळत होतं. स्क्रूची डोकी मात्र चकचकीत.

यात नशिबाचा भाग नाही, हिशेब साधा आहे. पाइप 40 सेंटिमीटर उंच आणि फ्लँजच्या भोकांमधलं अंतर 20 सेंटिमीटर धरा. वर 50 किलोचा धक्का मागे बसला की पुढच्या बाजूच्या बोल्टांवर मिळून साधारण 100 किलोची ओढ येते. लाटेवर आपटताना तर त्याहून जास्त, आणि तीही दिवसभर. कुजक्या फळीत धरलेला स्क्रू ती ओढ किती दिवस सोसणार?

म्हणून मी पान्याच्या मागच्या टोकाने फ्लँजभोवती वीतभर ठोकून बघतो. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर तिथलं फ्लोअर कापून फळी बदलायची, दुसरा इलाज नाही. फळी सुकी असेल तर 8 मिलिमीटरच्या बोल्टासाठी आधी 14 चं भोक पाडतो, त्यात दाट केलेलं इपॉक्सी भरतो आणि दुसऱ्या दिवशी मधोमध 8 चं ड्रिल मारतो. बोल्टाभोवती इपॉक्सीची भिंत उभी राहिली की पाणी फळीत शिरत नाही. नुसतं पॉलिएस्टर रेझिन ओतू नका, ठिसूळ असतं, तडकतं. बोल्ट आरपार, खाली नटाला टेकायला चार इंची पट्टी. पट्टी म्हणून मी जुन्या बोटीच्या कापलेल्या जाड फायबरचा तुकडा वापरतो. गंजत नाही आणि फुकट मिळतो. खाली हात पोचत नाही ही सबब चालणार नाही, फ्लोअरला गोल हॅच (झाकणाचं भोक) कापा.

दुसरा राग इम्पॅक्ट ड्रायव्हरवर. स्टीलच्या बोल्टावर स्टीलचा नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) कोरडाच टाकायचा आणि टर्रर्र करून फिरवायचा. आटे तापतात, एकमेकांना चिकटतात आणि नट अर्ध्यावर असा जाम होतो की पुढेही जात नाही, मागेही येत नाही. एका नवशिक्याने असे चारांपैकी दोन नट जाम केले. खाली पेट्रोलची टाकी, ग्राइंडरच्या ठिणग्या उडवायची सोय नाही, म्हणून उताणं पडून हॅकसॉने कापत बसलो. दोन बोल्टांना दोन तास. आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी) पेस्ट लावा, हातपान्याने सावकाश आवळा. डोकं धरून नटच फिरवा, बोल्ट फिरला तर खालचं सीलंट फाटतं.

बोल्ट 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, त्याला भुलू नका. 304 या हलक्या जातीलाही चुंबक सहसा चिकटत नाही. डोक्यावर ए4 कोरलेलं बघा, ए2 म्हणजे 304. जुने बोल्ट निघाले की त्यांच्या मानेवर नख फिरवा. ओल्या फळीत हवेविना अडकलेलं स्टील डोक्याखालीच खंगतं, वरून कळत नाही.

बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका, पॉलियुरेथेन सीलंट आणा. जेलकोटमधल्या (फायबरच्या वरच्या चकचकीत थरातल्या) भोकाची कड थोडी तिरकी घासा, नाहीतर ताऱ्यासारख्या चिरा पडतात. अॅल्युमिनियमच्या फ्लँजखाली पांढरी भुकटी दिसली तर नायलॉन वायसर घाला. आणि ड्रिलच्या बिटला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळल्याशिवाय फ्लोअरला हात लावू नका, टाकी कुठे आहे हे बोटीवर लिहिलेलं नसतं.

सीलंट लावून त्याच दिवशी पूर्ण आवळलं तर ते सगळं पिळून बाहेर येतं. मी पहिल्या दिवशी अर्धं आवळतो, पुरतं सुकलं की बाकीचं, आणि नटावरून पट्टीवर रंगाची एक रेघ मारून ठेवतो. पहिल्या फेरीनंतर हॅच उघडून रेघ तुटली का ते बघतो.