क्रिप्टो वॉलेट वापरताना या चुका टाळा: ॲप शाबूत असूनही पैसे कसे जातात

"माझं वॉलेट हॅक झालं" असं कुणी म्हणालं की दोन प्रश्न विचारावेत. सीड फ्रेज (वॉलेट पुन्हा उघडून देणारे गुप्त शब्द) कुठे ठेवली होती? आणि शेवटची सही, म्हणजे व्यवहाराला डिजिटल मंजुरी, कशावर केली होती? पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं. नाणी वॉलेटमध्ये नसतातच. ती ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक हिशेबवहीतल्या, नोंदींत असतात, आणि वॉलेटमध्ये असते ती त्या नोंदी हलवण्याची किल्ली. ॲपचा पासवर्ड किंवा पिन त्या एका फोनपुरता. सीड फ्रेज ज्याच्या हाती लागली त्याला तुमचा फोनही नको आणि पासवर्डही नको.

शब्दांचा स्क्रीनशॉट

सीड फ्रेजचे १२ किंवा २४ शब्द बहुतेक वॉलेटमध्ये बिप-३९ या मानकाच्या २०४८ शब्दांच्या यादीतून येतात. ही यादी सगळ्यांसाठी खुली आहे, त्यामुळे हजारो फोटोंमधून असे शब्द असलेला नेमका फोटो शोधणं प्रोग्रामला अवघड नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाचा असाच प्रकार उघड केला. गॅलरीतल्या फोटोंवरचा मजकूर वाचून सीड फ्रेज हुडकणारी ॲप्स गुगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअर, दोन्हीकडे होती. अधिकृत स्टोअरमधून घेतलं म्हणजे ॲप निर्धोक, हे गृहीतच चुकीचं.

म्हणून शब्द कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहा आणि दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. फोटो नको, ईमेलचा ड्राफ्ट नको, क्लाउडवरची नोट नको. अर्धे शब्द इथे आणि अर्धे तिथे ही युक्तीही फारशी कामाची नाही. एक तुकडा हरवला तर तुम्हीच बाहेर, आणि एक तुकडा चोराला मिळाला तर उरलेले शब्द शोधण्याचं त्याचं काम कितीतरी हलकं होतं.

आणखी एक सवय महागात पडते: एकच सीड तीन-चार ॲप्समध्ये टाकून पाहणं. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवरची हजारो वॉलेट रिकामी झाली तेव्हा माग 'स्लोप' या मोबाइल वॉलेटपर्यंत गेला. ते ॲप वापरणाऱ्यांच्या सीड फ्रेज देखरेखीच्या सर्व्हरकडे पाठवत होतं. दुसरं चांगलं वॉलेट वापरणारे, पण कधीतरी तीच सीड स्लोपमध्ये टाकलेले लोकही त्यात सापडले.

शब्द फुटल्याची शंका आली तर पासवर्ड बदलून काही होत नाही. त्याच वॉलेटमध्ये 'नवीन अकाउंट' उघडूनही नाही, कारण ते त्याच सीडमधून निघतं. संपूर्ण नवी सीड तयार करून शिल्लक तिकडे हलवायची, तीही तातडीने. चोर आधीच आत असेल आणि अडकलेले टोकन (ब्लॉकचेनवरची इतर नाणी) सोडवण्यासाठी तुम्ही वॉलेटच्या त्या पत्त्यावर, म्हणजे पैसे जमा होतात त्या अक्षर-अंकांच्या क्रमांकावर, गॅसचे (व्यवहाराच्या शुल्काचे) पैसे पाठवले, तर पाळतीवरचा बॉट तेही काही सेकंदांत उचलतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा गॅस भरत बसू नका.

शब्द बरोबर, तरी शिल्लक शून्य

बॅकअपवरून वॉलेट उघडलं आणि आत काहीच नाही, तर घाबरण्याआधी दोन गोष्टी तपासा. सीडसोबत वेगळा पासफ्रेज (स्वतः ठरवलेला जादा गुप्त मजकूर) लावला होता का? इथे 'चुकीचा पासफ्रेज' असा संदेश येतच नाही. एक स्पेस जास्त पडली किंवा एक अक्षर लहानाचं मोठं झालं, की दुसरंच, रिकामं पण वैध वॉलेट उघडतं. दुसरं म्हणजे पत्त्याचा प्रकार किंवा डेरिव्हेशन पाथ, म्हणजे सीडमधून पत्ते काढण्याची ठरलेली वाट. एका ॲपने वापरलेला पाथ दुसरं ॲप आपणहून शोधेलच असं नाही. पैसे जागेवरच आहेत का हे पाहायला जुना पत्ता ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) टाका. त्याला सीड लागत नाही.

नेमक्या याच गोंधळात 'सपोर्ट टीम'चा मेसेज येतो. वॉलेट सिंक करायला १२ शब्द द्या म्हणणारा माणूस चोर आहे. याला अपवाद नाही.

हार्डवेअर वॉलेट आहे, मग कसली भीती?

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली ठेवण्याचं वेगळं उपकरण, किल्ली सांभाळतं. पण चुकीच्या व्यवहारावर सही तुम्हीच करणार असाल तर ते ती करून देतं. विकेंद्रित (थेट ब्लॉकचेनवर चालणारं) ॲप वापरताना तुमचे टोकन खर्चण्यासाठी त्याला दिलेलं 'अप्रूव्हल', म्हणजे परवानगी, अनेकदा अमर्याद रकमेचं असतं, आणि ती साइट 'डिस्कनेक्ट' केल्याने ते रद्द होत नाही. अप्रूव्हल तपासणाऱ्या साधनात जाऊन ते वेगळं रद्द करावं लागतं, त्याला थोडा गॅसही लागतो. उलट, गॅस न लागणाऱ्या सहीला निरुपद्रवी समजणं हीदेखील चूकच. 'पर्मिट' प्रकारच्या, म्हणजे नुसत्या सहीनेच खर्चाची परवानगी देणाऱ्या, एका फुकटच्या सहीवर टोकन काढून नेता येतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्सचेंजचे (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराचे) सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेव्हा सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीसारखा व्यवहार दिसत होता आणि सही भलत्यावरच होत होती. म्हणून संगणकापेक्षा हार्डवेअर वॉलेटच्या स्वतःच्या स्क्रीनवर काय येतं ते वाचा. तिथे न समजणारी अक्षरांची माळ दिसली तर नाकारा. नवीन साइट चाळून पाहायला थोड्याच रकमेचं निराळं वॉलेट ठेवावं. मला विचाराल तर महागड्या उपकरणापेक्षा ही एक सवय जास्त वाचवते.

इतिहासातून पत्ता कॉपी करणं

तुमच्या ओळखीच्या पत्त्याशी सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता बनवून चोर तिथून तुमच्या वॉलेटशी किरकोळ व्यवहार करतो, म्हणजे तो तुमच्या व्यवहारांच्या यादीत दिसू लागतो. मे २०२४ मध्ये एकाने अशाच पत्त्यावर १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (दुसऱ्या ब्लॉकचेनवर चालणारं बिटकॉइनचं टोकन), म्हणजे सुमारे ६.८ कोटी डॉलर, पाठवले. पुढे बरीचशी रक्कम परत आली, पण असं क्वचितच होतं. आधी छोटी रक्कम पाठवून पाहिली तरी मोठ्या रकमेच्या वेळी पत्ता पुन्हा यादीतूनच उचलला, तर ती खबरदारी वाया जाते. नेहमीचे पत्ते ॲड्रेस बुकमध्ये ठेवा आणि मधली अक्षरंही ताडून पाहा.

आपण कोण आणि आपल्याकडे किती

एका पत्त्याला तुमचं नाव चिकटलं की त्याचा मागचा-पुढचा सगळा हिशेब उघडा पडतो. बिटकॉइनमध्ये प्रत्येक वेळी नवा पत्ता घ्यावा. मात्र निरनिराळ्या पत्त्यांवरची नाणी एकाच व्यवहारात खर्चली, की ते सगळे एकाच मालकाचे असावेत असा अंदाज बांधता येतो. कॉइन कंट्रोलची, म्हणजे कुठली नाणी खर्चायची ते स्वतः निवडण्याची, सोय त्यासाठीच आहे. हिशेबाच्या ॲपला 'एक्सपब' (खात्याचे पत्ते काढून देणारी सार्वजनिक किल्ली) देताना पैसे जाण्याची भीती नसते, पण त्या खात्याचे आजचे आणि उद्याचे सगळे पत्ते त्याला कळतात. व्हीपीएनवरही फार विसंबू नये. तो आयपी लपवतो, पण वॉलेट दुसऱ्याच्या नोडला (ब्लॉकचेनची प्रत ठेवणाऱ्या संगणकाला) तुमच्या सगळ्या पत्त्यांची शिल्लक एकत्र विचारत असेल तर जोडणी तिथेच होते. स्वतःचा नोड चालवणं हा त्यावरचा खरा उपाय, थोडा खटपटीचा.

२०२० मध्ये हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि अडीच लाखांहून अधिक लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर आले. किल्ल्या सुरक्षित होत्या. पण कुणाकडे क्रिप्टो आहे आणि तो कुठे राहतो याची यादीच तयार झाली, आणि २०२१ मध्ये काहींच्या घरी पोस्टाने बनावट उपकरणंही पोहोचली. त्यामुळे हार्डवेअर वॉलेट मागवताना शक्य असेल तर घराऐवजी पिकअप केंद्राचा पत्ता आणि निराळा ईमेल द्या, आणि न मागवता आलेलं उपकरण संगणकाला जोडू नका.

पैसे गेलेच तर व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) टिपून पोलिसांकडे तक्रार करा, आणि रक्कम ज्या एक्सचेंजकडे गेली असेल त्यालाही कळवा. टेदर आणि यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यांच्या कंपन्या ठरावीक पत्ता गोठवू शकतात, पण चोराने ते टोकन बदलून घेण्याआधीच. आगाऊ फी घेऊन 'पैसे परत मिळवून देतो' म्हणणाऱ्याला उत्तरही देऊ नका.