गजकर्ण आणि चिठ्ठीशिवायची ट्यूब

गेल्या पावसाळ्यात कमरेला, पट्ट्याखाली, रुपयाएवढं गजकर्ण उठलं. आमच्या डिचोलीत जून लागला की कपडे धड वाळत नाहीत. ओलसर पँट घालून दिवसभर स्कूटरवर. फार्मसीतून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज गायब! लावायचं थांबलं की आठवड्यात पुन्हा, आणि दरवेळी मोठं. दोन महिन्यांत ते जांघेत उतरलं, कडा पुसट झाल्या, कातडी पातळ होऊन तांबूस रेघा पडल्या.

म्हापशाच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी मला ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लावली: क्लोबेटासॉल. सगळ्यांत तीव्र गटातलं स्टिरॉइड. त्यानं लाली आणि खाज दबते, खालची बुरशी मात्र फोफावते. त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, ट्यूब बंद केली, बुरशीवरच्या गोळ्या आणि मलम दिलं. पहिला आठवडा खाजेनं जीव नकोसा झाला. सहा आठवड्यांत डाग गेले. रेघा राहिल्या.

स्टिरॉइड वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. आईच्या हातांवरच्या इसबाला त्याच डॉक्टरांनी स्टिरॉइड मलमच दिलंय, पण मापात. बोटाच्या शेवटच्या पेरावर काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून एकदा, दोन आठवडे, मग पुन्हा दाखवायचं. आई कॅलेंडरवर रोज खूण करते. "हे तोंडाला लावायचं नाही हं," हे मी तिला दोनदा सांगितलंय.