उंदीर विसरला, की त्याला आठवता आलं नाही? स्मृतीच्या प्रयोगांत या चुका टाळा

उंदराला पाण्याच्या टाकीत पोहून पाण्याखाली दडलेला प्लॅटफॉर्म शोधायला शिकवलं, औषध टोचलं, दुसऱ्या दिवशी त्याला तो सापडला नाही, आणि वहीत नोंद झाली: ‘स्मृती गेली’. इथेच थांबा. आठवण मुळात तयारच झाली नाही, तयार होऊन टिकली नाही, की टिकली पण ऐन वेळी वर आली नाही? तिन्हींत उंदीर तसाच गोल गोल पोहत राहतो.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. शिकवण्याआधीच औषध दिलं तर त्याने भूक, भीती, वेदना, नजर काहीही बदललेलं असू शकतं. म्हणून स्मृतीचे अभ्यासक जेम्स मॅकगॉ यांनी १९६०च्या दशकापासून शिकवून झाल्यावर लगेच इंजेक्शन देण्याची पद्धत रुजवली. शिकताना मेंदू औषधमुक्त, चाचणीच्या वेळीही औषधमुक्त. फरक पडलाच तर तो आठवण पक्की होण्याच्या काळातला.

ताणाच्या हार्मोनबाबत तर वेळेवर सगळंच उलटतं. कॉर्टिकोस्टेरॉन (आपल्यातल्या कॉर्टिसोलचं उंदरातलं भावंड) शिकल्यानंतर लगेच मिळालं तर आठवण घट्ट होऊ शकते, पण चाचणीआधी वाढलं तर तीच आठवण अडते. १९९८ साली डी क्वेरव्हेन, रोझेंडाल आणि मॅकगॉ यांनी हे स्वच्छ दाखवलं. चाचणीच्या ३० मिनिटं आधी पायाला शॉक बसलेले उंदीर प्लॅटफॉर्मची जागा शोधताना चुकले. २ मिनिटं किंवा ४ तास आधी शॉक बसलेले चुकले नाहीत. कॉर्टिकोस्टेरॉन तयार होणं मेटिरापोन या औषधाने रोखलं, तेव्हा ३० मिनिटांचा परिणामही गेला. जागा पुसली गेली नव्हती, त्या घडीला हाती लागत नव्हती. वहीत शॉक, इंजेक्शन आणि चाचणी यांमधली मिनिटं लिहिलेली नसतील तर असा निष्कर्ष काढताच येत नाही, आणि ते उंदीर फुकट गेले. मला याचं फार वाईट वाटतं.

एकाच डोसवर भिस्त ठेवू नका. अॅड्रेनालिनचा मध्यम डोस आठवण बळकट करतो, मोठा डोस बिघडवतो. आलेख उलट्या ‘यू’सारखा निघतो. किमान तीन डोस घ्या. शिवाय अॅड्रेनालिन रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. त्याचा निरोप व्हेगस नसेमार्फत (शरीरातून मेंदूकडे जाणारी मज्जातंतूची नस) पोचतो आणि अमिग्डालात (मेंदूतला भावनांशी निगडित भाग) नॉरअॅड्रेनालिन हे रसायन वाढतं. तेव्हा ‘थेट मेंदूवर परिणाम’ असं लिहू नका.

स्कोपोलामिन या औषधाने मुद्दाम स्मृती बिघडवताना आणखी एक फसगत होते: उंदीर अस्वस्थ होऊन जास्त पळतो. मेंदूबाहेरचे, शरीरावरचे परिणाम वेगळे ओळखायला मेंदूत फारसं न शिरणारं मिथाइलस्कोपोलामिन दुसऱ्या गटाला द्या आणि दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची चाचणीही घ्या. समोर दिसणाऱ्या ठिकाणीही तो पोचत नसेल तर दोष आठवणीला देता येणार नाही.

औषध शिकतानाही अंगात असेल, तर १९६४ सालचं ओव्हर्टन यांचं काम आठवा. पेंटोबार्बिटल या गुंगीच्या औषधाच्या अमलाखाली शिकलेलं उंदरांना शुद्धीत जमेना. पुन्हा औषध दिल्यावर जमलं. म्हणून चार गट हवेत: दोन्ही वेळा औषध, दोन्ही वेळा सलाईन (औषध नसलेलं नुसतं मिठाचं पाणी), आणि दोन अदलाबदलीचे.

सलाईनचा गटही वाईट आला तर? आधी स्वतःचे हात तपासा. पकडणं, टोचणं हाही ताणच असतो. काही दिवस रोज हाताळून उंदरांना सवय लावा, आणि इंजेक्शन न दिलेला एक गट ठेवा. रक्त घ्यायचं तर पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण ३ मिनिटांच्या आत घ्या. नंतर मोजाल ते तुम्हीच वाढवलेलं हार्मोन. रोजची वेळ एकच ठेवा, कारण निशाचर उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन अंधार पडण्याच्या सुमाराला चढतं. पाण्याचं तापमानही लिहा. कार्मेन सँडी यांच्या प्रयोगात १९ अंशांच्या पाण्यातले उंदीर २५ अंशांवाल्यांपेक्षा चांगले शिकले होते. आणि प्रयोग कोण करतंय तेही नोंदवा: पुरुषांच्या नुसत्या वासानेही उंदरांत ताण वाढतो, हे २०१४ साली दिसून आलं.

फक्त नरांवर प्रयोग करून ‘उंदरांत’ असं लिहिणंही सोडा. रोज ६ तास, २१ दिवस जखडून ठेवल्यावर नरांची जागेची आठवण बिघडते. माद्यांत तसा बिघाड सहसा दिसत नाही.