लष्करी साधनांच्या सज्जतेची वेब नोंदप्रणाली कशी उभारावी

खडकीच्या बेस वर्कशॉपपासून, म्हणजे लष्कराच्या मोठ्या दुरुस्तीच्या कारखान्यापासून, लोहगावच्या हवाई तळापर्यंत आणि भोसरीच्या सुट्या भागांच्या कारखान्यांपासून हिंजवडीच्या संगणक कंपन्यांपर्यंत, सैन्याची साधने चालती ठेवण्याशी ज्यांचा संबंध येतो अशी माणसे पुण्यात मोठ्या संख्येने आहेत. साधनांची सज्जता, पुरवठा आणि देखभाल यांची नोंद ठेवणारी वेब प्रणाली तयार करण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. या कामात सर्वाधिक काळजी एकाच गोष्टीची घ्यावी लागते: बंद असलेले प्रत्येक साधन आज नेमके कशासाठी थांबले आहे आणि ते पुढे सरकवणे कोणाच्या हातात आहे, हे प्रणालीने सांगितले पाहिजे. सज्जतेची नुसती टक्केवारी दाखवणाऱ्या पडद्यामुळे एकही वाहन लवकर दुरुस्त होत नाही.

टक्केवारी निरुपयोगी नसते, पण ती अपुरी असते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१५च्या अहवालात सुखोई-३० एमकेआय विमानांची उपलब्धता ठरलेल्या ७५ टक्क्यांऐवजी ५५ ते ६० टक्के असल्याचे नमूद झाले होते. अशा आकड्यावरून अडचण आहे एवढे कळते. ती सोडवायची असेल तर प्रत्येक बंद दिवसाची फोड हाताशी असावी लागते.

सुरुवात ओळखीपासून करावी. प्रत्येक वाहन, तोफ, जनित्र किंवा रेडिओ संच यांना स्वतःची एकच ओळख असावी आणि इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर यांसारख्या बदलता येणाऱ्या मोठ्या जोडण्यांना त्यांच्या स्वतंत्र क्रमांकाने त्या साधनाशी जोडावे. एका रणगाड्याचे इंजिन दुसऱ्यात बसते तेव्हा इंजिनाचा इतिहास इंजिनाबरोबरच गेला पाहिजे. तो जुन्या रणगाड्याच्या पानावर अडकून राहिला तर पुढची ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, केव्हा करायची याचा हिशेबच चुकतो. सुट्या भागांच्या बाबतीत घोळ आणखी मोठा असतो. एकाच ऑइल सीलला उत्पादकाचा एक क्रमांक असतो, भांडाराच्या यादीत दुसरा असतो आणि कारागिरांच्या तोंडी तिसरेच नाव असते. नाटोच्या पद्धतीतील साठा क्रमांक १३ अंकी असतो. त्यातील पहिले चार अंक वस्तूचा वर्ग, पुढचे दोन अंक तो क्रमांक देणारा देश आणि उरलेले सात अंक ती विशिष्ट वस्तू दाखवतात. आपल्या यादीत अधिकृत क्रमांक कोणताही असो, तोच मुख्य मानावा आणि बाकीची सर्व नावे शोधासाठी त्याला जोडून ठेवावीत. कारागिराने सवयीचे नाव टाइप केले तरी बरोबर भाग सापडला पाहिजे. या सफाईला कोड लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि तो द्यावाच, कारण एका खणात भाग असताना दुसऱ्या नावाने त्याची मागणी जात राहिली तर पुढचे सर्व आकडे खोटे ठरतात.

यानंतर स्थिती ठरवावी. पूर्ण सज्ज, अंशतः सज्ज आणि बंद या तीन अवस्था सर्वांना ठाऊक असतात. ‘बंद’ या अवस्थेची मात्र आणखी फोड करणे अत्यावश्यक आहे: सुट्या भागाअभावी बंद, दुरुस्ती चालू असल्याने बंद, आणि निर्णयाअभावी बंद. अमेरिकी सैन्यात पुरवठ्याअभावी बंद आणि देखभालीसाठी बंद असे दोन काळ वेगळे मोजण्याची पद्धत जुनीच आहे. तिसरा प्रकार आपल्याकडे हमखास जोडावा. वाहन स्थानिक दुरुस्तीच्या पलीकडचे आहे की नाही, ते बेस वर्कशॉपला पाठवायचे की दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून मोडीत काढायचे, या कागदावरच्या प्रश्नांत साधने खितपत पडतात, आणि त्या दिवसांना कोणी धनी नसतो.

समजा, एका युनिटमध्ये ४० ट्रक आहेत आणि त्यांपैकी १० बंद आहेत. त्यांतील ७ ट्रक क्लचप्लेटसाठी थांबले असतील तर युनिटच्या अधिकाऱ्याने सुटे भाग पुरवणाऱ्या लष्करी भांडाराशी, म्हणजे ऑर्डनन्स डेपोशी, बोलायला हवे. भाग आले आहेत पण कारागीर दुसऱ्या कामावर आहेत असे असेल तर वर्कशॉपशी बोलायला हवे. आणि तपासणी अहवालावर सही व्हायची असेल तर ज्याच्या टेबलावर तो अहवाल आहे त्याच्याशी. तिन्ही वेळा सज्जता ७५ टक्केच दिसेल. म्हणून स्थिती बदलताना कारण, जबाबदार शाखा आणि अपेक्षित तारीख या तीन गोष्टी भरल्याशिवाय प्रणालीने नोंद स्वीकारू नये, आणि प्रत्येक अवस्थेतील दिवस आपोआप मोजावेत.

या मोजणीचे मोल एका साध्या हिशेबावरून कळते. एखादे जनित्र दोन बिघाडांच्या मध्ये सरासरी ९० दिवस चालते, दुरुस्तीला ३ दिवस लागतात आणि भागाची वाट पाहण्यात २७ दिवस जातात असे धरले, तर १२० पैकी ९० दिवस ते उपलब्ध असते, म्हणजे ७५ टक्के. कारागिरांनी जिवापाड मेहनत करून दुरुस्तीचा काळ निम्म्यावर आणला तरी उपलब्धता जेमतेम ७६ टक्क्यांवर जाईल. भाग येण्याचा काळ निम्मा झाला तर ती साडेचौऱ्याऐंशी टक्क्यांपर्यंत पोचेल. दोन्ही काळ एकाच रकान्यात मिसळले तर दोष वर्कशॉपच्या माथी येतो आणि उपाय चुकीच्या ठिकाणी केला जातो. राबणाऱ्या माणसांवर हा अन्याय आहे, आणि तो टाळणे प्रणाली बांधणाऱ्याच्या हातात आहे.

‘अंशतः सज्ज’ याची व्याख्या प्रत्येक साधनासाठी त्याच्या कामावरून आधीच लिहून घ्यावी. रणगाडा चालतो पण रात्रीची दुर्बीण बिघडली आहे, ट्रक चालतो पण अडकलेले वाहन दोराने ओढणारी विंच फिरत नाही, अशा वेळी कोणते काम होईल आणि कोणते नाही, हे यादीत स्पष्ट असावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हा लष्कराच्या तुकड्या बोटी घेऊन मदतीला गेल्या होत्या. अशा कामात बोट शाबूत आहे पण तिचे इंजिन चालू होत नाही, ही स्थिती ‘सज्ज’ मध्ये मोजली गेली तर त्याची किंमत पाण्यात अडकलेल्या माणसांना मोजावी लागते. पावसाळ्यात उपयोगी पडणारी साधने मे महिन्यातच प्रत्यक्ष चालवून पाहिली जावीत आणि त्या चाचणीची तारीख प्रणालीने मागावी. पुण्याच्या दमट पावसाळ्यात दुर्बिणींच्या भिंगांवर बुरशी चढते आणि वापरात नसलेल्या बॅटऱ्या उतरतात, त्यामुळे साठवणीतील साधनांनाही तपासणीचे वेळापत्रक लागते.

पुरवठ्याच्या बाजूला सर्वांत महत्त्वाची जोड म्हणजे मागणी आणि साधन यांची. प्रत्येक इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, कोणत्या वाहनासाठी आहे हे नोंदवले गेले, की भाग भांडारात येताच त्या वाहनाची स्थिती बदलावी आणि वर्कशॉपला सूचना जावी. फेरमागणीची पातळी ठरवताना दरमहा लागणारी संख्या आणि माल येण्यास लागणारे महिने यांचा गुणाकार करून त्यात राखीव साठा मिळवावा. महिन्याला ६ फिल्टर लागतात, माल यायला ४ महिने लागतात आणि ८ राखीव हवेत, तर साठा ३२ वर आला की मागणी गेली पाहिजे. साठा म्हणजे मात्र केवळ खणातील नग नव्हेत. त्यांत येणे असलेले नग, म्हणजे ड्यूज-इन, मिळवावेत आणि देणे असलेले, म्हणजे ड्यूज-आउट, वजा करावेत. सैन्यात महिन्याची सरासरी फसवी ठरू शकते. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्रात सराव असेल तेव्हा खप वाढतो आणि वाहने उभी असतात तेव्हा तो जवळपास थांबतो, म्हणून खप शक्यतो किलोमीटर किंवा इंजिन-तासांशी जोडावा. जे भाग वारंवार अडवतात आणि परदेशातूनच येतात त्यांची यादी याच नोंदींतून निघते. अशा आयात वस्तू देशी उद्योगांपुढे ठेवण्यासाठी संरक्षण मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सृजन पोर्टल सुरू केले. भोसरी-चाकणच्या लहान कारखानदाराला कोणता भाग बनवणे खरोखर गरजेचे आहे हे कळण्याचा मार्ग अशाच नोंदींपासून सुरू होतो.

एका बंद वाहनाचा भाग काढून दुसऱ्याला बसवणे निकडीच्या वेळी टळत नाही. ते लपवले जाऊ नये यासाठी त्याचा स्वतंत्र व्यवहार ठेवावा आणि त्यात परवानगी देणाऱ्याचे नाव, तसेच भाग देणारे व घेणारे साधन, दोन्ही नोंदवावीत.

नोंद वाहनाजवळच, काम करणाऱ्याकडूनच व्हावी. वर्कशॉपमध्ये हात तेलकट असतात, संगणकाचे जाळे मधूनच तुटते आणि नायक हुद्द्याच्या जवानाला इंग्रजी रकाने वाचण्याची सक्ती असण्याचे कारण नाही. बारकोड, मोठी बटणे, हिंदीतील पर्याय आणि जाळे परत आल्यावर आपोआप पुढे जाणारी नोंद एवढे असले की पुरते. एकदा केलेली नोंद पुसता येऊ नये. चूक झाल्यास दुरुस्तीची नवी नोंद करावी आणि जुनी दिसत राहावी. वरिष्ठांनी टक्केवारीवरून शाबासकी किंवा ठपका देणे सुरू केले की नोंदी रंगवल्या जातात, हे प्रणाली स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याला आरंभीच स्पष्ट सांगावे.

सुरक्षेच्या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. वेब प्रणाली म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रणाली. ती इंटरनेटवर असलीच पाहिजे असे नाही, आणि ही तर कधीच असू नये. ती सैन्याच्या अंतर्गत जाळ्यावरच राहावी. एका ट्रकची क्लचप्लेट गेली ही बातमी किरकोळ आहे, पण संपूर्ण डिव्हिजनची किती साधने कशामुळे आणि किती दिवस बंद आहेत हे एकत्र दिसले की ते युद्धाच्या दृष्टीने मोलाचे गुपित होते. त्यामुळे वाहनाची नोंद पाहण्याचा अधिकार आणि एकत्रित अहवाल पाहण्याचा अधिकार वेगवेगळे ठेवावेत. विकासकांनी आपल्या कार्यालयात केवळ बनावट माहितीवर काम करावे. खऱ्या नोंदींची प्रत, छायाचित्र किंवा पेन ड्राइव्ह बाहेर नेणे १९२३च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

प्रारंभ एकाच प्रकारच्या वाहनापासून आणि एकाच वर्कशॉपपासून करावा, आणि जुनी कागदी नोंदवही निदान एक पावसाळा सोबत चालू ठेवावी. दर आठवड्याला प्रणालीतून काही वाहने कोणतीही निवड न करता काढावीत. भांडाराचा एक आणि वर्कशॉपचा एक अशा दोघांनी मिळून ती शेडमध्ये जाऊन पाहावीत आणि पडद्यावरील स्थिती, कारण व तारीख प्रत्यक्षाशी ताडून घ्यावी. दोहोंत फरक सापडला तर त्याच दिवशी, त्या वाहनाशेजारी उभे राहूनच तो दुरुस्त करावा. हे फरक दुर्मीळ होईपर्यंत पुढच्या प्रकारची वाहने प्रणालीत घेऊ नयेत.